चावी आणि फिल्म

शिक्षकांच्या संडासाची चावी मुख्याध्यापक सोमेश्वर सर आपल्या खणात ठेवत, जणू सरकारी तिजोरीचीच. प्रियदर्शनी मॅडमला ती दर तासाला मागावी लागे, आणि सर सगळ्या स्टाफसमोर भुवया उडवून विचारत, "आत्ताच जाऊन आल्त्या ना?" शौचातून रक्त पडतं, हे ती त्या पुरुषांच्या घोळक्यात कशी सांगणार? बाई वर्ग चुकवते, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं.

शनिवारी नवीन जालन्यात, शिरेतून औषध सोडून, तिच्या पोटाचा सीटी स्कॅन झाला. मोठ्या आतड्याची भिंत सुजून चांगली जाड झालीये, डॉक्टर म्हणाले.

सोमवारी तिनं स्कॅनची फिल्म सरांच्या खिडकीच्या काचेवर धरली. मागून ऊन आलं आणि तिचं आतडं अख्ख्या स्टाफला दिसलं.

"हे सुजलंय, सर. म्हणून जावं लागतं."

सरांनी मान फिरवली. "मॅडम, चारचौघांत हे बरं दिसतं का?"

तिनं खणातली चावी काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

"दोन वर्षांपासून चारचौघांतच विचारून राह्यले ना तुम्ही? मंग उत्तर बी चारचौघांतच घ्या."