सीतादहीचं आमंत्रण

वासुदेवराव गावंड्यांनी यंदा चोर बीटी लावलं. या बियाण्याला सरकारची मंजुरी नव्हती, पण तणनाशक मारलं की तण जळायचं आणि कपाशी उभी राहायची. पाकिटावर ना कंपनीचं नाव, ना पावती. त्यामुळे त्यांचा विश्वास आणखीच वाढला. जुलैत देवकाबाई मेश्राम बाया घेऊन निंदणाला आली, तेव्हा ते शेताच्या धुऱ्यावरूनच म्हणाले, "आता तुमचं काम बियाणंच करते, बाई. घरी आराम करा."

बायांनी आराम न करता नदीपलीकडचे भाजीचे मळे धरले.

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि आभाळही भरून आलं. गावंडे देवकाबाईच्या दारी आले. सीतादहीची पूजा करून पहिला कापूस बायांनीच वेचायचा, हा रिवाज त्यांना आता आठवला.

"उद्या सीतादही आहे वो, देवकाबाई. दहीभात करतो. साऱ्याजणी या."

"आमी कायले? बियाण्यालेच वेचाले लावा ना."

"मजाक नोका करू. भिजला तं मातेरं होईन. मागच्या सालचाच भाव देतो."

"मागच्या साली निंदणही होतं, भाऊ. पावसाळाभर काम भेटे, म्हणून वेचणी सस्ती होती. आता दुप्पट लागन."

गावंड्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

निंदणाचा वाचलेला पैसा वेचणीत गेला. चौकात मात्र ते अजून सांगतात, या बियाण्यानं मजुरी फार वाचते.