टाकीच्या झाकणावरचा टिळा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बरं. डोंबिवलीतल्या एका तीन मजली इमारतीचं अंगण आहे. अंगणात एक राखाडी मोटार उभी आहे, तुमच्या आजोबांच्या वरातीत होती म्हणून सांगितलं तर पटावं इतकी जुनी. तिचं पुढचं झाकण उघडं आहे आणि आतून फक्त दोन पाय बाहेर आलेत. दिसले? ते उत्तराच्या बाबांचे, प्रभाकररावांचे पाय.

प्रभाकरराव बँकेत नोकरीला. सत्त्याऐंशी साली त्यांनी ओळीनं नऊ रविवार खपून गाडीचं इंजिन सुटं केलं आणि पुन्हा जोडलं. जोडून झाल्यावर एक नट उरला. तो नट ते खिशात घेऊन हिंडत आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून त्याच्याकडे बघत बसत.

अखेर उत्तराच्या आईनं, सुमतीनं निकाल दिला. "खंडेनवमीला गाडी ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीपर्यंत आपणहून गेली तर ठेवू. वाटेत बसली की तिथूनच भंगारात!" भंगारवाल्या चांगदेवला तसा निरोपही गेला. दहा वर्षांच्या उत्तरानं गाडीचे सगळे सुटे भाग रॉकेलमध्ये बुडवून स्वतःच्या हातांनी धुतले होते. गाडी भंगारात जाऊ नये असं तिला फार वाटे. पण तिला विचारतंय कोण?

खंडेनवमी म्हणजे यंत्रं-हत्यारांच्या पूजेचा दिवस. सकाळीच बाबांच्या आत्या, विमलाबाई, वाटीत हळद-कुंकू घट्ट कालवून खाली उतरल्या. बाबा इंजिनाला बोट लावू देईनात. मग विमलाबाईंनी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर भलाथोरला टिळा लावला. "ज्या तोंडानं पिते, त्या तोंडाचीच पूजा करावी," त्या म्हणाल्या.

बाबा, विमलाबाई आणि उत्तराला घेऊन गाडी निघाली. मागून चांगदेव सायकलवर, कॅरिअरला तराजू बांधून.

मानपाड्याच्या पुढे गाडी आचके देत थांबली. बाबांनी टाकीचं झाकण फिरवलं, सुस्स आवाज झाला. आत काडी घालून पाहिली. पेट्रोल होतं. मग इंजिनातले प्लग काढून पुसले आणि परत बसवले. विमलाबाईंनी झाकणावर ताजा टिळा लावला. गाडी सुरू!

"प्लग!" बाबा म्हणाले.

"टिळा!" विमलाबाई म्हणाल्या.

"साहेब," चांगदेव घाम पुसत म्हणाला, "मी पुढं जाऊन थांबू का? मागं मागं राहून पाय दुखायला लागले."

शिळफाट्याला तसंच झालं. मुंब्र्यातही तसंच. काडी, प्लग, टिळा. टिळ्यावर टिळा चढून झाकणावर पुरणपोळीएवढा थर झाला, तरी गाडी दर वेळी आधीपेक्षा लवकर थांबे. चांगदेव एव्हाना चहा पिऊन वाट बघत बसलेला असे.

कळव्याच्या पुलाअलीकडे गाडी पुन्हा बसली. ठाणे समोर दिसत होतं. या खेपेला बाबांनी काडी घेतलीच नाही. नुसते प्लग पुसले. विमलाबाईंनी टिळा लावला. बाबांनी किल्ली फिरवली, पण इंजिन काही सुरू होईना.

बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि त्यांनी तो नट तळहातावर काढला. "माझीच चूक आहे. हा कुठला, तेच मला सापडलं नाही. घेऊन जा रे चांगदेव."

चांगदेवनं तराजू सोडला. "साहेब, हा काटा पाच किलोचा. गाडी थोडी थोडी मोजावी लागेल. आरशापासून सुरुवात करू?"

"टिळा लावूनही कशी बसली गं ही?" विमलाबाई पुटपुटल्या.

उत्तराच्या मनात विचार आला, प्लग पुसले, टिळाही लावला, मग राहिलं काय? झाकण उघडायचं राहिलं! या खेपेला सुस्स झालं नव्हतं. तिला घरातला तेलाचा डबा आठवला. आई त्याला एक भोक पाडून थांबत नसे, दोन पाडी. एकच असलं तर तेल दोन थेंब देऊन अडे, दुसऱ्यातून हवा आत गेली की सरळ धार लागे. आणि हे झाकण तर तिनंच धुतलं होतं! त्याला टाचणीएवढं भोक होतं. त्यातून तिनं एका डोळ्यानं बाबांकडे पाहिलंसुद्धा होतं.

"चांगदेवकाका, थांबा!"

तिनं झाकण फिरवलं. गाडीनं लांबलचक सुस्स केलं. उत्तरानं वेणीतला आकडा काढला, टिळ्याचा थर खरवडला आणि भोक कोरून कोरून मोकळं केलं. झाकण बसवून ती म्हणाली, "बाबा, आता फिरवा किल्ली."

इंजिन घुरघुरलं आणि सुरू झालं. बाबांच्या हातातला नट खाली पडून घरंगळत गटारात गेला, तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

विमलाबाई मात्र वाटी घेऊन लगबगीनं झाकणाकडे निघाल्या. तेव्हा उत्तरानं काय केलं माहीत आहे? तिनं वाटी हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "आत्याआजी, आज सगळ्याच यंत्रांचा दिवस ना?" मग उरलेलं सगळं हळद-कुंकू तिनं चांगदेवच्या तराजूच्या दोन्ही पारड्यांना लावलं, तराजूला वाकून नमस्कार केला आणि धावत जाऊन गाडीत बसली.