खंडेनवमीचा स्फटिक

द्राक्षांवर भुरी रोग आणणाऱ्या बुरशीतलं एक प्रथिन संशोधक उत्तरानं अभ्यासाला घेतलं होतं, आणि ते प्रथिन वर्षानुवर्षं तिच्याशी अबोला धरून बसलं होतं. त्याचा स्फटिक झाला आणि तो क्ष-किरणांत धरला, की आतली घडण कळणार होती. घडण कळली, तर भुरीवर नेमकं औषध शोधता येणार होतं. स्फटिक तेवढा होत नव्हता. गंगापूर रोडवरच्या संशोधन संस्थेत ती ताटलीतल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबांवर सूक्ष्मदर्शक धरून डोळे फोडत बसे.

मग यंत्र आलं. दिसायला मिठाईच्या दुकानातल्या काचेच्या फ्रिजसारखं. आत गारवा, ताटल्या आणि कॅमेरा. ते रोज एकेका थेंबाचा फोटो काढी आणि खाली शेरा मारी: 'स्वच्छ', 'गाळ' किंवा 'स्फटिक'. तिसरा शेरा त्याला येतच नाही, असं संस्थेत सगळ्यांनी धरून चाललं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी तो आला. फोटोत खडीसाखरेसारखा कोरीव तुकडा. आनंदाच्या भरात उत्तरानं एरवी कधी केलं नसतं ते केलं. संचालकांना सांगितलं.

"अहो, आज तर यंत्रांचाच दिवस!" ढुंढिराज सर खुर्चीतून उठलेच. "गुरुजी त्र्यंबकहून निघालेत. तुम्ही पेढे आणा बघू."

"सर, पूजेसाठी यंत्र बंद नका करू हं. स्फटिक अजून बारीक आहे. थोडे दिवस गारव्यात वाढला, की मग क्ष-किरणांना पाठवता येईल."

"बंद? उत्तराताई, मला काय तेवढंही कळत नाही?"

सणाच्या गर्दीतून दुपारी ती पेढे घेऊन परतली. यंत्र चालू होतं. सरांनी शब्द पाळला होता. समोर पाट, पाटावर नारळ, नारळाशेजारी पेटलेली समई आणि समईला अगदी चिकटून स्फटिकाची ती ताटली. तिच्यावर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर अक्षता.

"म्हटलं, नुसत्या यंत्राला काय पुजायचं?" सर म्हणाले. "ज्यानं यश दिलं, मान त्याचा!"

"सर, ऊब लागली की तो विरघळतो!"

"अहो, देवाची समई ती. आणि फोटो आहे ना आपल्याकडे?"

"फोटोला क्ष-किरण लावून काय दिसणार, सर? कागद?"

"पेपरवाल्यांना फोटोच लागतो."

"बाई, आधी आरती होऊ द्या," गुरुजी म्हणाले.

आरती झाली. उत्तरानं ताटली पुसून आत ठेवली. यंत्रानं इमानेइतबारे फोटो काढला आणि शेरा मारला: 'स्वच्छ'. तिनं तीच कृती पुन्हा केली, पुन्हा पुन्हा केली. प्रथिनानं अबोला धरला तो धरलाच.

दिवाळीनंतर संस्थेच्या सभागृहात समारंभ झाला. स्फटिकाचा फोटो मोठा करून, सोनेरी चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. सरांनी चंदनाचा हार उत्तराच्या हातात दिला.

"तुमच्याच हातानं होऊ दे."

तिनं हार घातला. दोन्ही बाजू सारख्या केल्या. सवयीनं हात जोडले गेले. मागं कुणीतरी चपला काढल्या.

"आता दोन शब्द बोला," सर म्हणाले.

"सकाळी आला," उत्तरा म्हणाली. "दुपारी ऊब लागून गेला."

टाळ्यांना सुरुवात सरांनीच केली.