तिखट कुणाच्या जिभेला

भिंगरीने बोट ठेवलं ते नेमकं बिर्याणीवर.

पार्सलच्या दुकानाचं छापील कार्ड तिच्या मांडीवर उघडं होतं. आईने एकेक चित्र दाखवून पाहिलं होतं. काजूचा पांढरा रस्सा, लोण्यातली कोंबडी, पिवळी डाळ, नुसता भात. प्रत्येकाला मान आडवी. आणि आता हे इवलंसं बोट, बिर्याणीच्या चित्रावर दाबून धरलेलं.

"झालं," नणंद म्हणाली. थोरली नणंद, भिंगरीची आत्या, सकाळपासून सोबतीला येऊन बसली होती. "घशात जखम ओली आणि राणीसाहेबांना बिर्याणी हवी. वहिनी, उगाच वेळ घालवू नकोस. सरळ दवाखान्यात नेऊ या."

"पाचपर्यंत वेळ आहे, वन्सं."

"तीन वाजून गेलेत."

ते तिलाही दिसत होतं. एरवी घरभर गरगर फिरणारी ही साडेचार वर्षांची पोर परवा टॉन्सिल काढल्यापासून एका जागी बसून होती. तोंडातून शब्द नाही, आणि काल दुपारपासून पोटात घोटभर पाणीही नाही. डॉक्टरीणबाईंनी सकाळी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "पाचपर्यंत काही खाल्लं-प्यायलं नाही तर घेऊन या, सलाईन लावावी लागेल. काहीही मऊसं खाऊ दे, गिळेल तसा घसा मोकळा होईल. फक्त फार गरम नको आणि तिखट अजिबात नको."

सलाईन म्हणजे सुई. ऑपरेशनच्या दिवशी त्या सुईसाठी दोन नर्स आणि बाप अशा तिघांनी मिळून पोरीला धरलं होतं. बापाला आज रजा मिळाली नव्हती. आज धरायची पाळी आली तर ती आईवर येणार होती, आणि आपले हात तेवढे घट्ट होणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यात चूकही तिचीच. काल तिने गुरगुट्या डाळ-भात केला. फोडणीत सवयीने एक सुकी मिरची पडली, ती तिने लगेच उचलून टाकली. मिरची काढली की तिखट गेलं. माहेरी हेच, सासरीही हेच, लहानपणापासून हेच बघत आलेली. पहिल्याच घासाला भिंगरीचे डोळे मोठे झाले, तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि आवाज न करता रडली. तेव्हापासून चमचा दिसला की ओठ बंद.

"मी येते दहा मिनिटांत," म्हणून ती चपला घालून निघाली.

दुकान मागच्याच गल्लीत. दुपारची गर्दी ओसरली होती. काउंटरवरचा माणूस फोनवर क्रिकेट बघत होता.

"बिर्याणी किती तिखट आहे?" तिने विचारलं.

"माइल्ड असते आपली."

"माइल्ड म्हणजे किती?"

"म्हणजे लोक खातात, ताई." त्याने कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "हे बघा, पुढे एकच मिरची काढलीये. झणझणीत असेल त्याला तीन."

"ही एक मिरची कुणी ठरवली?"

त्याने जरा विचार केला. "छापणाऱ्याने."

"तुम्ही खाल्ली आहे?"

"मी डबा आणतो घरून."

एरवी ती हसली असती. आज तिचा आवाज चढला. "अहो, लहान मुलीला द्यायची आहे. घशाचं ऑपरेशन झालंय तिच्या. एक तिखट घास गेला तर आज दवाखान्यात भरती. नीट सांगा."

त्याने मागे बघून आचाऱ्याला हाक मारली. फडक्याला हात पुसत आचारी बाहेर आला. उंच, वाकलेला, पन्नाशीचा. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बिर्याणी कमी तिखट करून मिळत नसते, ताई. सकाळी हंडी भरली, कणीक लावून झाकण बंद केलं, की झाली ती झाली. मसाला खाली, भात वर. कुणाला कमी तिखट पाहिजे असली की मी वरचा भात देतो."

"मग वरचा द्या. आधी चव बघू का?"

त्याने चमचाभर पांढरा-केशरी भात आणून दिला. तिने खाल्ला. मऊ, सुगंधी. "यात तर काहीच नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कालची फोडणी आठवली. कालही तिने चाखूनच दिलं होतं. कालही तिच्या जिभेला काहीच लागलं नव्हतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "माझ्या जिभेचं काही खरं नाही. लहानपणापासून ठेचा खाल्लेली जीभ आहे ही."

आचाऱ्याने काउंटरकडे एक नजर टाकली. तिकडे क्रिकेट परत सुरू झालं होतं. त्याने तिला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून घेतलं.

"चार दिवस माझं तोंड आलंय," तो पुटपुटला. "फोडच फोड. चव न बघता, नुसत्या अंदाजाने रांधतोय. हा मालकाचा मेहुणा आहे, याला कळलं तर उद्या दुसरा आचारी उभा करतील. तुम्ही बोलू नका कुठे. पण मुलीच्या तोंडाला काय सोसेल ते आज या दुकानात मलाच सांगता येईल."

आणि त्याने वरच्या भाताची चार शितं जिभेवर ठेवली. तोंड मिटून उभा राहिला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आधी काहीच झालं नाही. मग त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं.

"नाही," तो म्हणाला. "खालची वाफ वर चढलीये. हा नको."

काजूचा पांढरा रस्सा त्याने बोटभर चाटला आणि थुंकला. "पांढरं मिरं. माझ्याच हातचं, आणि मीच विसरलो." लोण्यातल्या कोंबडीला तर त्याने हातही लावला नाही. "टोमॅटो आहे. तिखट नाही, पण आंबट. जखमेवर तेही झोंबेल."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"तिला बिर्याणीच हवीये हो," ती म्हणाली.

आचारी कामाला लागला. नुसता शिजवलेला भात घेतला, दूध शिंपडून झाकून आणखी मऊ केला. तळलेला कांदा कुरकुरीत, तो घशाला टोचला असता. म्हणून तो कोमट तुपात बुडवून ठेवला आणि तेवढं तूप गाळून भातावर घातलं. केशराचं दूध, मीठ, केवड्याचे दोन थेंब. भात कोमट होईस्तो परातीत पसरला. मग चमचाभर स्वतःच्या तोंडात.

"बरं आहे ना?" तिने विचारलं.

त्याने हात वर केला. थांबा. "तिखट मागून येतं," एवढंच घास गालात धरून बोलला. ती मनातल्या मनात आकडे मोजू लागली. साठ झाले, सत्तर झाले. त्याने गिळलं, जीभ टाळूवर फिरवली, पुन्हा थांबला.

"जा," तो म्हणाला. "पळा."

ती खरंच पळाली.

घरी नणंदेने दवाखान्यात जायला पोरीचं जर्किन काढून ठेवलं होतं, फाईल पिशवीत भरली होती. "सव्वाचार," ती फक्त एवढं म्हणाली.

डबा उघडताच भिंगरीने नाक पुढे केलं. चमचा जवळ आला तसे ओठ घट्ट मिटले.

आईने चमचा खाली ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. "काल चुकलं माझं. तिखट नाही म्हणाले आणि होतं. मला कळतच नाही, बाळा, माझी जीभ निबर झालीये. पण हा भात मी नाही चाखला. ज्या काकांचं तोंड दुखतंय ना, त्यांनी खाऊन बघितलाय."

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या गळ्याला बोट लावलं.

"नाही, गळा नाही. त्यांची जीभ दुखते. इथे." आईने जीभ बाहेर काढून दाखवली. "त्यांना नाही झोंबला."

ओठ जरासे उघडले. बारीकसा घास आत गेला. गिळताना पोरीचे खांदे कानापर्यंत वर आले, मुठी वळल्या. तिखट मागून येतं. आई मोजत राहिली. नणंदेचा हात पिशवीवर होता.

"दुखतंय," भिंगरी म्हणाली.

दोन दिवसांतला पहिला शब्द, घोगरा, अनोळखी. नणंद उठून उभी राहिली. "चल वहिनी, बास झालं."

"झोंबतंय का दुखतंय?" आईने विचारलं.

भिंगरीने विचार केला. "दुखतंय," ती पुन्हा म्हणाली आणि तोंड उघडलं.

दुसरा घास. तिसरा. पाचव्याला ती स्वतः चमच्याकडे झुकली. सहावा घास तोंडातच घोळत राहिला, भात मऊ होता, पण सोबत रस्सा नव्हता. तिने आईचा पदर ओढला.

"पाणी."

आईने पेला तिच्या ओठाला लावला. एक घोट, तोंड वाकडं. दुसरा घोट. नणंदेने पिशवी खाली ठेवली आणि आता येत नाही हे कळवायला फोन हातात घेतला. दवाखान्यात कुणी उचलेपर्यंत पेला अर्धा रिकामा झाला होता.