अक्कलदाढेचा अंगठा

गेम खेळणाऱ्या मंडळींत त्याला अक्कलदाढ म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच घेतलेलं, कारण तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. पण जो माणूस कोणी न विचारता मत देतो आणि मत देऊन झालं की ऐकणाऱ्याला दिवसभर ठणका लावतो, त्याला याहून चांगलं नाव सापडलं असतं असं काही मला वाटत नाही.

मतं तरी कशावर? ज्यांच्या जाहिराती रस्तोरस्ती लागतात त्या बड्या गेमकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. त्याचा जीव दोनच गोष्टींत. एक म्हणजे जपानी धाटणीचे आडबाजूचे फायटिंग गेम, चार मित्रांनी एका खोलीत बसून बनवलेले आणि सगळ्या दुनियेत मूठभर माणसांनी खेळलेले. दुसरी म्हणजे प्रेमाच्या व्हिज्युअल नॉव्हेल. पडद्यावर एक मुलगी उभी असते, खाली एक ओळ येते, बटण दाबलं की पुढची ओळ. मध्येच गेम विचारतो, हिच्या छत्रीत शिरायचं की तिच्याबरोबर ग्रंथालयात जायचं? तुम्ही जे निवडाल त्यावरून कोणाशी जुळणार ते ठरतं, आणि त्या एकेका वाटेला रूट म्हणतात. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि घरी येऊन हे, असा त्याचा संसार. घरात आई, दुसरं कोणी नाही.

मतं ऐकायला हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे लॅबमधले काका. काका प्लास्टरचे साचे ओतायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही गेम खेळला नव्हता, पण शेजारच्या टेबलावर बसून बसून त्यांना सगळं पाठ झालं होतं.

"काका, चांगल्या फायटिंग गेममध्ये हरलो की का हरलो ते कळतं. वाईट गेम नुसताच हरवतो. आणि ते एक बटण बडवत बसलं की आपोआप दहा फटके मारणारे गेम आहेत ना, ते मी पोत्यात घालून नदीत सोडीन."

"तुझी ती गेममधली काठीवाली म्हातारी काय म्हणते?"

"म्हातारीला तोड नाही! हळू आहे, उडी मारता येत नाही, सगळे तिला नावं ठेवतात. पण समोरचा उड्या मारून दमला ना, की तिचा एक फटका. एकच!"

"आमच्या थोरल्या बहिणीवर गेलीय," काका म्हणायचे आणि साचा हलवायला लागायचे.

प्रेमकथांबद्दल तर बोलायलाच नको. नायकाचे डोळे केसांखाली झाकलेले असले की याचं डोकं फिरायचं. ज्याला चित्रकारानं डोळेसुद्धा दिले नाहीत त्याच्यामागे चार चार पोरी कशा लागतात? शेजारची बालमैत्रीण पहिल्या पानापासून दारात तिष्ठत उभी असते, आणि शेवटी भलतीच कुणीतरी येऊन त्याला घेऊन जाते, हा कुठला न्याय? सगळे रूट संपवल्याशिवाय कथेला नावं ठेवू नयेत, असा त्याचा दंडक होता आणि तो तो पाळायचाही.

"पण मी म्हणतो, एवढं बटण कशाला दाबायचं?" काकांनी एकदा विचारलं. "ते आपलं आपण पुढे जात नाही का?"

झालं! अक्कलदाढेनं हातातली कवळी खाली ठेवली. "जातं ना, ऑटो म्हणतात त्याला. ऑटोवर वाचणारा माणूस वाचतच नाही, काका. ती मुलगी बोलता बोलता गप्प झाली, तर किती वेळ गप्प राहायचं ते मी ठरवणार. मी बटण दाबलं तरच तिनं पुढचं बोलायचं. ते मशीननं ठरवलं तर मग माझं तिथं काम काय?"

काकांनी हात जोडले.

तर असा हा माणूस. आणि एके दिवशी मेणाचा दात कोरताना त्याच्या उजव्या हातातली सुरी थरथरली.

फार नाही, जराशी. दाताच्या कडेला एक ओरखडा उठला. त्यानं मेण पुन्हा लावलं, पुन्हा कोरलं, पुन्हा ओरखडा. अंगठ्यात जोरच नव्हता. त्यानं सुरी खाली ठेवली आणि काकांचं लक्ष नाही ना ते बघितलं.

त्याचं कारण होतं. त्याचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बाबांचं अक्षर असं की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. त्यांचं दुखणं सुरू झालं ते याच हाताच्या याच अंगठ्यात. आधी अंगठा आखडला, मग थरथर, मग ब्रश सुटला. शेवटी शेवटी आई त्यांना चमच्यानं भरवायची आणि ते भिंतीकडे तोंड करून गिळायचे. ते सगळं बघितलेल्या पोराला आपला अंगठा थरथरताना दिसला, तर त्याचं काय होईल ते सांगायला नको.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. काकांना नाही, आईला तर नाहीच. आईनं एकदा ते सगळं निभावलं होतं. पुन्हा तिच्यासमोर तेच ताट वाढायचं कुठल्या तोंडानं?

मनाची समजूत घालायला त्यानं ठरवलं, हे फायटिंग गेममुळे झालं असणार. फायटिंग गेम खेळायचा त्याचा तो दांडा आणि बटणं बसवलेला भलामोठा पाट कपाटावर गेला. मंडळींनी विचारलं, अक्कलदाढ कुठाय? म्हातारीच्या वाटचं कोण खेळणार? ज्यानं आयुष्यात कधी मत गिळलं नाही, तो मूग गिळून बसला.

अंगठा काही सुधारेना. तेव्हा तो हाडांच्या डॉक्टरबाईंकडे गेला. बाई तिखट, पण हाताला गुण असलेल्या. त्यांनी काम काय विचारलं, त्यानं कवळ्या सांगितल्या. गेम खेळायचो पण बंद केलेत, तेही सांगितलं. बाबांचं मात्र सांगितलं नाही, कारण सांगितलं की बाई मान हलवतील आणि मग ते खरं होईल.

"अंगठ्याला विश्रांती," बाई म्हणाल्या. "सुट्टी काढा. हाताला काही काम नको. जमेल ना?"

"जमेल. वाचत पडेन."

"उत्तम."

आता बघा हं. या माणसाच्या लेखी फायटिंग गेम म्हणजे खेळणं आणि व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे वाचन. त्यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. यावर त्यानं लोकांशी भांडणं केली होती! त्यामुळे सुट्टी मिळाल्याबरोबर त्यानं राखून ठेवलेली एक अगडबंब प्रेमकथा उघडली, हातात धरायच्या मशीनवर, उताणं पडून. दीपगृहात राहणाऱ्या बहिणींची गोष्ट, रूटच रूट. सकाळी चहा झाला की सुरू, आईनं जेवायला हाक मारली की बंद, जेवण झालं की पुन्हा सुरू. धाकटीचा रूट रडका निघाला, थोरलीचा झकास. बोलता बोलता गप्प बसणारी मधली तर त्याला फारच आवडली. ती गप्प बसली की तोही अंगठा वर धरून गप्प बसायचा आणि मग हळूच दाबायचा.

आणि अंगठा दिवसागणिक बिघडत गेला.

सुट्टी संपत आली तेव्हा त्याला शर्टाची गुंडी लावता येईना. कप उचलला तर थरथरायला लागला, म्हणून तो डाव्या हातानं पिऊ लागला. आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. काम बंद, खेळ बंद, नुसता पडून राहिलो आणि तरी वाढतंय! म्हणजे बाबांचंच. दुसरं काय असणार? दुपारी तो खिडकीपाशी बसला आणि आपण कोणती कामं एका हातानं करू शकू याचा विचार करायला लागला. एकही सुचलं नाही. मग तो उठला आणि तडक डॉक्टरबाईंकडे गेला.

खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. बाबांचा अंगठा, ब्रश, चमचा, भिंत, सगळं. आता लाज धरून काय करायचं होतं?

बाईंनी शांतपणे ऐकलं. "हात मांडीवर ठेवा. सैल सोडा."

त्यानं ठेवला. बाई हाताकडे बघत राहिल्या. तोही बघत राहिला.

"वडिलांचा हात कधी थरथरायचा? काही धरलं की नुसते बसले असताना?"

"बसलेले असताना. हातात काही धरलं की उलट जरा थांबायचा, सुरुवातीला तरी."

"आणि तुमचा? आत्ता थरथरतोय का?"

नव्हता. त्यानं नीट बघितलं. हात भाजीच्या पिशवीसारखा मांडीवर पडला होता.

"आता अंगठा मुठीत घाला. मूठ वळा. अशी करंगळीकडे खाली वाकवा."

"आई गं!" तो असा ओरडला की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले.

"हं," बाई म्हणाल्या. त्या चक्क खूश दिसत होत्या. "ही अंगठ्याची शीर सुजलीय. पिंजून काढल्यासारखी केलीय तुम्ही ती. पण पडून राहिलात म्हणता, मग ही सुजली कशानं? करता काय दिवसभर?"

"वाचतो."

"कसं वाचता ते दाखवा बरं."

त्यानं पिशवीतून मशीन काढलं. दवाखान्यातसुद्धा ते बरोबर होतं, मधलीचा रूट अर्धा राहिला होता ना. बटण दाबलं. ओळ आली. दाबलं. ओळ आली. बाई खुर्चीतून पुढे वाकल्या.

"पुस्तक संपायला असं किती वेळा दाबता?"

"प्रत्येक ओळीला."

"आणि ओळी किती असतात?"

त्यानं मनात हिशेब मांडायला घेतला. धाकटी, थोरली, मधली, पुन्हा पहिल्यापासून, कारण वाचलेल्या ओळी गाळून पुढे पळणाऱ्यांबद्दलही त्याचं मत होतं आणि ते छापण्यासारखं नव्हतं. बिचारा फायटिंग गेमचा पाट! तो खेळताना सगळं काम मनगटाचं आणि बोटांचं, अंगठा नुसता बाजूला बसून. निरपराध्याला कपाटावर चढवलं आणि गुन्हेगाराला उशाशी घेऊन झोपला.

"ते आपोआप पुढे जात नाही का?" बाईंनी विचारलं.

"जातं," तो म्हणाला. अगदी बारीक आवाजात.

"मग जाऊ द्या की! पट्टा देते, तो बांधा. वडिलांचं ते हे नव्हे, तुमचा हात काही धरल्यावरच थरथरतो. हे बरं होतं. सुरी धराल, काळजी नको. आणि वडिलांच्या आजाराची शंका आली तर लगेच यायचं, असं एकट्यानं कुढत बसायचं नाही."

बरं होतं! जिना उतरताना तो एका पायरीवर मध्येच बसला आणि हसला. मग डोळ्यांत पाणी आलं, तेही येऊ दिलं. खालून येणाऱ्या बाईनं काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही हो, अंगठा सुजलाय," आणि ती वेड्याकडे बघावं तसं बघत वर गेली. घरी जाताना वाटेत प्रत्येक दुकानाची पाटी त्यानं वाचली. कुणाचं अक्षर किती गचाळ यावर मनातल्या मनात मत दिलं. कितीतरी दिवसांनी दिलं.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी शेंगा सोलत बसली होती. त्याच्या हाताचा पट्टा तिनं बघितला आणि तिचे हात थांबले.

"आई, अंगठ्याची शीर सुजलीय. बरी होईल म्हणाल्या."

आईनं हातातली शेंग टेबलावर ठेवली.

"बाबांचं ते नाही, आई."

"नक्की?"

"नक्की. बाईंनी सगळं तपासलं."

"कशानं सुजली मग?"

आता आली पंचाईत. पण खोटं बोलायचं त्राण राहिलं नव्हतं. "गोष्टी वाचून. त्या बटण दाबायच्या असतात ना, त्या. प्रेमाच्या."

"प्रेमाच्या," आई म्हणाली. तिनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या! एवढा टोणगा झालास, एका खऱ्या पोरीशी धड बोलत नाहीस, आणि या चित्रातल्या भवान्यांपायी अंगठा मोडून घेतलास? आणि मी इथं..." पदर तोंडाला लावून ती हमसून हमसून रडायला लागली.

तो गोंधळला. "तुला माहीत होतं?"

"डाव्या हातानं चहा पितोस. गुंडी न लावता शर्ट डोक्यातून घालतोस. मी काय आंधळी आहे? रोज बघतेय."

"मग विचारलं का नाहीस?"

आईनं डोळे पुसले. "तुझ्या बाबांना विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, हात का थरथरतोय म्हणून. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर हात खिशात घालून बसायला लागले. शेवटपर्यंत मला कधी नीट हात बघू दिला नाही. तू पण लपवला असतास तर मी काय केलं असतं?"

तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसला. शेंगांची टरफलं बाजूला सारली, पट्टा सोडला आणि उजवा हात टेबलावर तिच्यासमोर ठेवला.

"बघ," तो म्हणाला. "तुला हवं तेवढा वेळ बघ."

आईनं चष्मा लावला आणि हात जवळ ओढून घेतला.