पारीचा खेकडा आणि मी

मी संगणक बोलतोय. सत्त्याण्णव साली पेणजवळच्या एका शाळेत आलो, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला, कपाळाला कुंकू लागलं. आणि मग वर्षभर कुणी बोटसुद्धा लावलं नाही! मुलं चपला बाहेर काढून रांगेनं यायची, लांबूनच बघून जायची. मुख्याध्यापक दत्तात्रेय सर ओरडायचे, "बिघडेल रे!" नुसतं बसून मला अगदी वीट आला होता.

मग मृणाली मॅडम बदलून आल्या. त्यांनी सरांना पटवलं आणि सातवीचा वर्गच माझ्यापुढे आणून बसवला. रोह्याला शाळांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी प्रत्येकानं माझ्यावर घरची एक गोष्ट सांगायची होती. चित्र, आवाज, अक्षरं, सगळं वापरायचं. जे जमेल त्यापासून सुरुवात करायची.

त्या वर्गात पारी होती, नदीकाठच्या वाडीवरची. तिचा पेपर नेहमी कोरा. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जात. तिचा बाप बुधा मॅडमना म्हणाला, "बाय, ही कायच लिवत नाय. यंदा हिलापन नेतो. शालत ठेवून काय उपेग?"

"प्रदर्शनापर्यंत थांबा," मॅडमनी विनवलं. बुधा कसाबसा कबूल झाला.

पारीनं माउस धरला आणि पडद्यावर खेकडा काढला. मग माइकसमोर, बिळातून खेकडा कसा ओढायचा ते घडाघडा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आता चित्राखाली नाव नको का?"

पारी की-बोर्डवर अक्षरं शोधू लागली. माझा जीव टांगणीला लागला. 'खेकडा' उमटला. मग एक ओळ आली, मग आणखी. काय सांगू, ऊर भरून आला माझा!

प्रदर्शनासाठी मला टेम्पोनं रोह्याला नेलं. बुधाही आला. आल्या आल्या पडद्याकडे बघून म्हणाला, "दोनी नांग्या सारख्या नसतात गो. एक मोटी काढ." पारीनं तिथंच ती मोठी केली.

तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे कुणी करून दिलं?"

पारीच्या आधी बुधाच बोलला, "करून कोन देनार? माज्या पोरीचं हाय. चित्र तिचं, बोलनं तिचं, नि लिवलंय तेपन तिनंच." मग पोरीकडे वळून म्हणाला, "भट्टीवर आमी दोघं जातो. तू वाडीवरच मावशीकडं ऱ्हा."

जिंकलो आम्ही! बक्षीस कुणाला मिळालं, ते मी विसरलोसुद्धा.

आता आणखी नवे संगणक येणार म्हणतात. येऊ देत. एवढंच मागणं आहे, त्यांना पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती द्या. पारी आठवीत आहे. रोज दुपारी वाडीवरच्या धाकट्यांना माझ्यापुढे बसवते आणि दटावते, "घाबरतोस काय? लिव!"