कोऱ्या कागदावरच्या बेड्या

भविष्य सांगणाऱ्या बाबांनी कोरा कागद दिव्याच्या ज्योतीवर धरला. हळूहळू त्यावर तपकिरी बेड्या उमटल्या. खोलीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांनी हात जोडले. माझी ताई मात्र त्या बेड्यांकडेच बघत राहिली.

"तुरुंग दिसतोय, माई," बाबा म्हणाले. "अंगावरचं सोनं इथे उतरव. बेड्या पुसून टाकतो. न्यायाधीशाची लेखणीसुद्धा आम्हाला विचारून चालते."

ताई शिवणकाम करते. दुकानाची पाटी सैल झाली होती. आज बसवू, उद्या बसवू करता करता ती शेजारच्या घड्याळजींच्या खांद्यावर पडली, हाड मोडलं. त्यांच्या वकिलाची नोटीस आल्यापासून ताईने तुरुंगाचा धसका घेतला होता. दार वाजलं की पोलीस आले असं वाटून ती लेकीला पोटाशी धरायची. मी वकील, पण धाकट्या बहिणीचं कोण ऐकतं? म्हणून तिच्या मागोमाग इथे आले होते.

ती बांगड्या काढू लागली. मी पुढे होऊन बाबांच्या गठ्ठ्यातला एक कागद दिव्यावर धरला. बेड्या. दुसरा धरला. त्यावरही बेड्या.

"हा कुणाचा तुरुंग, बाबा? अजून कुणी विचारलंही नाही."

बाबांनी गठ्ठा मांडीखाली ओढला. मी लोकांकडे वळले. "लिंबाच्या रसाने काढलेलं चित्र वाळलं की दिसत नाही, ऊब लागली की तपकिरी होतं. घरी करून बघा."

"पण नोटीस तर खरी आहे ना गं?" ताईने विचारलं.

"खरी आहे. त्यात घड्याळजी भरपाई मागताहेत. औषधपाण्याची, बुडालेल्या कामाची. तुझ्या हलगर्जीपणाने त्यांना इजा झाली, ते नुकसान भरून देणं तुझ्याकडे लागतं. हा दिवाणी दावा, यात कुणी बेड्या घालत नाही. फौजदारी खटला गुन्ह्याचा असतो. तो सरकार चालवतं, शिक्षा त्यात होते. पाटी मुद्दाम ढकलली असतीस, किंवा लोकांच्या जिवाशी खेळली असतीस, तर गोष्ट वेगळी होती."

"आणि यांनी केलं ते?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"ठरवून खोटं बोलून दागिने उतरवून घेणं ही फसवणूक. तो गुन्हा."

बाबा दाराकडे सरकले होते. म्हाताऱ्याने शांतपणे कडी लावली आणि पोलिसांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी ताई घड्याळजींकडे गेली. पायरीवरून एकदा मागे फिरली, पण पुन्हा वळून आत गेली. कारण बाबाने सगळ्या बेड्या पुसल्या असत्या, तरी त्या माणसाचं मोडलेलं हाड तसंच राहिलं असतं. भीती वाटली तर वाटू द्या. पण आधी आलेला कागद नीट वाचा, जाणत्याला विचारा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा.